सोऱ्या, सचिन आणि माझं कोपर

परवा फोनवर तू म्हणालीस, "हात जरा भरून आलाय मावशी, बाकी काही नाही." बाकी काही नाही म्हणणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या आहेत, त्यांत पहिली मीच. पण फोन ठेवता ठेवता तू बोलून गेलीस की सकाळी दुधाचं पातेलं सांडशीनं उतरवताना कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की पातेलं सुटता सुटता राहिलं. तिथे माझे कान टवकारले. हात भरून आल्यानं पातेलं सुटत नाही गं. त्यातून तू यंदा पहिल्यांदाच फराळाच्या ऑर्डरी घेतल्या आहेस. फोनवर सगळं सांगून होण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले. चहा घेऊन वाच. कप डाव्या हातात धर.

मला हे दुखणं 2004 साली झालं. मी 48 वर्षांची होते. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांतून रोज दीडशे पोळ्या बाहेर पडायच्या, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. वर्षानुवर्षं लाटत आले होते, हाताला सवय होती. घात केला तो दिवाळीनं. दहा दिवसांत 22 किलो चकली घातली. पितळी सोऱ्या, त्याची वरची मूठ पिरगळायची, आणि भाजणी त्या वर्षी नेमकी घट्ट भिजत होती. मदतीची बाई चौथ्या दिवशी गावाला गेली. मी म्हटलं, होईल. झालंही. भाऊबीजेला ओवाळायचं तबक उचललं आणि ते हातात थरथरायला लागलं.

गंमत अशी की आठ किलो पिठाची पिशवी खांद्याला अडकवून मी दोन जिने चढत होते, त्याला कोपराची काही हरकत नव्हती. पण भरलेला पेला उचलता येईना. कुलपात किल्ली फिरेना. ओला टॉवेल पिळायला घेतला की डोळ्यांत पाणी. तुझे काका म्हणाले, "पिशवी उचलतेस आणि पेला उचलत नाहीस, हे कसलं दुखणं?" त्यांच्या आवाजातला संशय मला अजून आठवतो. पण खरी खूण तीच आहे, नीट लक्षात ठेव. या दुखण्यात भार किती आहे याला फारसं महत्त्व नाही. तो धरलाय कसा, यावर सगळं.

त्याच सुमाराला पेपरात रोज सचिनचं कोपर. ऑगस्टपासून तो बाहेर बसला होता. ऑस्ट्रेलियाचा संघ आला तरी पहिल्या दोन कसोटी तो खेळू शकला नाही, नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत परतला. त्या आधी आमच्या घरात कोणी 'टेनिस एल्बो' हा शब्द ऐकलेला नव्हता. डॉक्टरांनी मला तेच नाव सांगितल्यावर काकांचा नूरच बदलला. शेजारीपाजारी सांगत सुटले, "हिला सचिनचा आजार झालाय." दोन महिने मी भांडी घासताना कण्हत होते तेव्हा नाटक होतं, आणि सचिनचं नाव लागल्यावर आजार झाला! असो.

नाव टेनिसचं असलं तरी टेनिसवाल्यांचा त्यावर काही मालकी हक्क नाही. 1873 साली रुंगे नावाच्या एका जर्मन डॉक्टरानं हे दुखणं पहिल्यांदा नोंदवलं ते लिहिणाऱ्यांच्या हातात. पुढे दहा वर्षांत इंग्लंडात लॉन टेनिसचं वेड पसरलं, खेळणारे पैसेवाले, डॉक्टरांकडे जाणारे, आणि नाव त्यांचं चिकटलं. दवाखान्यात हे दुखणं घेऊन येणाऱ्या दहा जणांत टेनिस खेळणारा एखादाच निघतो, निघाला तर. बाकीचे सुतार, प्लंबर, रंगारी, शिंपी, दिवसभर माउस धरून बसणारे आणि आपण. वय साधारण पस्तिशी ते पंचावन्नच्या मधलं. शंभर मोठ्या माणसांत एक ते तिघांना हे असतं, म्हणजे तुमच्या सोसायटीत चार-पाच जण तरी सापडतील. विचारून बघ.

आता आत नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. मलाही ते आमच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एका खेळातून शिकवलं. तूही करून बघ, दुखऱ्या नव्हे, चांगल्या हातानं. मनगट आतल्या बाजूला पूर्ण खाली वाकव. आता ते तसंच ठेवून मूठ घट्ट आवळ. आवळत नाही ना? आता मनगट सरळ कर, किंचित मागे घे, आणि आवळ. बघ, कशी लोखंडासारखी मिटली. मूठ मिटतात ते हाताच्या आतल्या अंगाचे स्नायू. पण मनगट पुढे कोलमडू नये म्हणून त्याला मागून लगाम घालून ठेवतात ते हाताच्या पाठीवरचे स्नायू. हे पाठीवरचे स्नायू वर जाऊन एकाच जाड कंडरेनं कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेले असतात. म्हणजे तू लाटणं धर, झारा धर, पिशवी धर नाहीतर नवऱ्याची कॉलर धर, जिथे जिथे मूठ आवळलीस तिथे तिथे त्या एका कंडरेला ओढ बसते. काम करतात बोटं आणि मनगट, बिल जातं कोपराला. आपण तेल चोळतो कोपराला आणि मनगटाकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडे कंडरा काय, स्नायू काय, नस काय, सगळ्याला 'शीर'च म्हणायची पद्धत. "शीर दुखावली, शीर चढली." चालायचंच. पण इथे एक गोष्ट समजून घे. पूर्वी डॉक्टरही याला सूज समजत. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कंडरेचे तुकडे पाहिले तेव्हा सुजेच्या पेशी फारशा सापडल्याच नाहीत. जुनी काथ्याची दोरी कशी एका जागी विसविशीत होते, पीळ सुटून तंतू वेडेवाकडे होतात, तसं ते दिसलं. शरीरानं डागडुजी करायला घेतली आणि रोजच्या ओढीनं ती अर्धवट राहिली, असा प्रकार. म्हणून नुसत्या वेदनाशामक गोळीनं हे बरं होत नाही, आणि म्हणूनच याला आठवडे नव्हे, महिने लागतात. डागडुजीला वेळ द्यावा लागतो, आणि दोरीला हळूहळू ताण देत पुन्हा पीळदार करावं लागतं. पूर्ण आराम दिला तर दोरी तशीच विसविशीत राहते. तसंच ओढत राहिलं तर आणखी उसवते. माझा सगळा कानमंत्र या दोघांच्या मधल्या वाटेचा आहे.

आधी तुझं दुखणं तेच आहे का हे बघू. हात थोडा दुमड आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला जो हाडाचा उंचवटा लागतो त्यावर, आणि त्याच्या किंचित पुढे, अंगठ्यानं दाब. "आई गं" म्हणालीस तर पहिली खूण. मग हात समोर सरळ धर, तळवा जमिनीकडे, आणि मनगट वर उचलायचा प्रयत्न कर. त्याच वेळी दुसऱ्या हातानं ते खाली दाब. कळ कोपरात उठली तर दुसरी. तशाच स्थितीत फक्त मधलं बोट वर उचलायला बघ आणि त्याला खाली दाब. त्यानंही कोपर दुखतं. शेवटची परीक्षा खुर्चीची. हलकी प्लास्टिकची खुर्ची पाठीमागून, हात सरळ ठेवून, तळवा खाली करून उचल. उचलवली नाही तर वेगळं निदान शोधायला नको. बहुतेकदा वरून काही सूज दिसत नाही, एक्स-रे स्वच्छ येतो, आणि घरातले म्हणतात, "काही नाहीये की!"

पण प्रत्येक कोपरदुखी ही नव्हे, आणि इथे शहाणपणा करू नकोस. कोपराच्या आतल्या अंगाला दुखत असेल तर ते याचं भावंड, त्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील तर कोपरामागून जाणारी नस दबतेय. मानेपासून कळ निघून हातात उतरत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर मूळ मानेत आहे; कोपराला कितीही पट्टे बांध, उतरणार नाही. पडल्यानंतर सुरू झालं असेल, सांधा लाल आणि गरम झाला असेल, ताप असेल, हात सरळच होत नसेल, मनगट लुळं पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हात दुखताना छातीत दडपण, घाम, धाप, जबड्यात कळ असं काही झालं, तर तेलाची बाटली शोधत बसू नकोस, 108 ला फोन लाव. हे माझ्यासाठीही आहे आणि काकांसाठीही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुझी टळेल. जानेवारीत मी एका दवाखान्यात गेले. त्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी मी नवी! पेला काय, कुकर उचलत होते. डॉक्टरांनी महिनाभर जपायला सांगितलं होतं, ते मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आठव्या दिवशी लग्नाची पुरणपोळीची ऑर्डर घेतली. एप्रिलमध्ये दुखणं परत आलं, आणि मागच्यापेक्षा दुप्पट. मी परत इंजेक्शन मागायला गेले. त्यांनी दिलं नाही याबद्दल मी तेव्हा मनातल्या मनात शिव्या दिल्या, आता हात जोडते. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसून आलंय: पहिल्या सहा आठवड्यांत इंजेक्शनवाले पुढे असतात, आणि वर्षाच्या शेवटी व्यायाम करणाऱ्यांच्याच नव्हे, तर काहीही न करता वाट बघणाऱ्यांच्याही मागे पडतात. दुखणं गप्प होतं, दोरी तशीच राहते, आणि माणूस बेफिकीर होतं. माझ्या कोपरावर त्या सुईच्या जागी रुपयाएवढा पांढुरका डाग आणि जरासा खळगा अजून आहे; तसं होऊ शकतं. तुला साखर आहे, म्हणून आणखी एक: या इंजेक्शनानं काही दिवस रक्तातली साखर चढते. घ्यायचीच वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांग.

मग त्या फिजिओथेरपीच्या बाई भेटल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. मी मनात म्हटलं, ही काय शिकवणार. त्यांनी पहिल्या दिवशी हाताला हातच लावला नाही. म्हणाल्या, "काकू, दिवसभरात काय काय धरता ते सांगा." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. शेवटी वही माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "यातलं किती तळवा खाली ठेवून उचलता?" सगळंच! तळवा खाली, हात सरळ, मूठ आवळलेली: ही तीन पापं एकत्र आली की कोपर गेलं. तळवा वर करून, कोपर अंगाशी ठेवून तेच पातेलं उचल, भार दंडावर जातो आणि कंडरा सुटते. एवढं एकच जरी या पत्रातून घेतलंस तरी माझं लिहिणं वसूल.

तर आधी सांडशी. ती शत्रू नंबर एक. लांब दांडी, टोकाला भरलेलं पातेलं, तळवा खाली आणि सगळा तोल मनगटावर. कडीचं, दोन कानांचं भांडं घे आणि दोन्ही बाजूंनी फडक्यानं धरून उचल. उतरवायचंच नसेल तर त्याहून बरं. डावानं वाढ, गॅसवरच राहू दे. तांब्या, कप, बाटली तळाशी दुसऱ्या हाताचा आधार देऊन. भाजीची पिशवी मुठीत लोंबकळू द्यायची नाही, खांद्याला नाहीतर कोपराच्या खोबणीत. धाकटीला उचलताना काखेत हात घालून लांबूनच उचलतेस, मी पाहिलंय. तिला आधी जवळ घे, बुडाखाली तळवा, मग ऊठ.

कणकेचं सांगते. पीठ कालवलंस की लगेच मळायला बसू नकोस. वीस मिनिटं झाकून ठेव, पाणी मुरतं आणि निम्मं मळणं आपोआप होतं. मग बोटांनी चिवडायचं नाही, तळव्याच्या टाचेनं, खांद्यापासून अंगाचा भार देत पुढे रेटायचं. ओटा उंच असेल तर सरळ परात घेऊन जमिनीवर बस, नाहीतर पाटावर उभी राहा. आपले ओटे कोणाच्या मापाने बांधतात देव जाणे. लाटणं मुठीत धरायचं नाही, उघड्या तळव्यांखाली फिरवायचं. बारीक दांडीची लाटणी टाकून दे. जितकी दांडी बारीक तितकी मूठ जास्त आवळावी लागते. उलथनं, झारा, रवी, सगळ्यांच्या दांड्यांना मी सायकलची जुनी ट्यूब कापून चढवली. काका म्हणाले, "हिनं उलथन्याला ग्रिप चढवली." चढवली तर चढवली. सचिनची बॅट जड, हे सगळं जग जाणतं. आणि बघ, फलंदाज उजव्या हाताचा, पण दुखलं त्याचं डावं कोपर. दांड्यावर वरचा हात डावा असतो. धरण्यातच सगळं आहे हे मला तेव्हा पटलं.

कपडे पिळणं बंद. म्हणजे बंदच. साडी नळावर टाकून निथळू दे, पंचा दोन तळव्यांत दाबून काढ, दोरीवर ठिबकला तर ठिबकू दे. पावसाळ्यात वास येतो, येऊ दे. टॉवेल पिळताना हात जसा वळतो तोच वळसा या कंडरेला सगळ्यात जास्त झोंबतो.

आणि सोऱ्या. पिरगळायचा सोऱ्या माळ्यावर टाक, दाबायचा घे. त्याहून मशीन बरं. लोक म्हणतात हाताच्या चकलीची चव वेगळी. चव भाजणीत आणि मोहनात असते गं, पिरगळण्यात नसते. सोऱ्या अर्धाच भर. भाजणीला उकळतं मोहन घालून, गरम पाण्यात भिजवून, झाकून ठेव. पुढचा गोळा हातात घेईपर्यंत कोमट असला पाहिजे. गार झालेलं पीठ घट्ट होतं आणि आपण हट्टानं जोर लावतो. माझं तेच झालं. पाच-सहा चकल्या झाल्या की हात सोडायचा, तळायचं काम घ्यायचं, मग पुन्हा बसायचं. खरी मेख मात्र आणखी मागे आहे. आपण वर्षभर सोऱ्याला हात लावत नाही आणि दहा दिवसांत वर्षाचं काम उरकतो. खेळाडू सामन्याआधी महिनाभर नेटमध्ये घाम गाळतात, आपण मात्र वसुबारसेच्या आदल्या रात्री सोऱ्या घासून काढतो. दसऱ्यापासून आठवड्याला किलो-किलो घालायला घे. चकली डब्यात टिकते.

आता व्यायाम. घाबरू नकोस, जिममध्ये जायचं नाही. पहिले दहा-पंधरा दिवस, दुखणं फार असेल तेव्हा, फक्त दाबून धरायचं. हात टेबलावर, तळवा खाली, दुसरा हात त्याच्या पाठीवर. खालचा हात वर उचलायला बघ, वरच्यानं अडव. हलू काहीच द्यायचं नाही. तीस ते चाळीस आकडे मोज, सोड. असं चार-पाच वेळा. आश्चर्य म्हणजे यानं दुखणं जरा निवतंही.

मग बाटली. अर्धा लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्ध्या किलोचं वजन झालं. हात टेबलावर, मनगट काठाबाहेर, तळवा खाली, बाटली मुठीत. चांगल्या हातानं आधार देऊन मनगट वर घे. आधार सोड आणि दुखऱ्या हातानं एकट्यानं, पाच आकडे मोजत, सावकाश खाली सोड. पुन्हा चांगल्यानं वर, दुखऱ्यानं खाली. मलम आहे ते या खाली सोडण्यात. पंधरा वेळा, मग मिनिटभर थांब, असे तीन फेरे, रोज एकदा. सोपं वाटायला लागलं की थोडं वजन वाढव: पाऊण लिटर, मग एक लिटर. लाटणं एका टोकाला धरून हात डावीकडे-उजवीकडे सावकाश लवंडायचा, हाही एक. हात सरळ करून दुसऱ्या हातानं मनगट खाली वाकवून तीस सेकंद ताणायचं, रडू येईपर्यंत नाही. आणि भिंतीला तळवे टेकून दंड काढ, कारण खांदा आळशी झाला की त्याचं काम मनगट करतं.

"मावशी, पण करताना दुखतं!" हे तू तिसऱ्या दिवशी म्हणणार. दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते होतं तिथे परत आलं पाहिजे. सकाळी जास्त दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं. एक फेरा कमी कर, बंद करू नकोस. मी पहिले सहा आठवडे रोज रात्री बाटली घेऊन बसायचे आणि रोज म्हणायचे, काही फरक नाही. आठव्या आठवड्यात एक दिवस बाजारातून आले, कुलूप उघडलं, आत आले, पिशवी ठेवली आणि मग लक्षात आलं की कुलूप मी उजव्या हातानं उघडलं होतं. तशीच परत बाहेर जाऊन दोनदा लावून-उघडून पाहिलं.

पट्ट्याचं थोडक्यात. तो कोपरावर बांधायचा नसतो, निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. उंचवट्याच्या दोन-तीन बोटं खाली, जिथे मूठ आवळल्यावर मांस फुगतं तिथे. काम करताना बांध, झोपताना काढ, बोटांना मुंग्या आल्या तर सैल कर. त्यानं दोरीवरची ओढ जरा वाटली जाते, बरं काही होत नाही. त्याचा खरा फायदा वेगळा: पट्टा दिसला की घरातलं माणूस उठून आपलं पाणी आपण घेतं.

शेकायचं की बर्फ लावायचा यावरून भांडू नका. कामानंतर ठणकत असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ, दहा मिनिटं. सकाळी आखडलं असेल तर शेक. निर्गुंडीचं तेल लावलंस तर लाव, हलक्या हातानं, बरं वाटतं; पण रगडून 'गाठ फोडणाऱ्यां'च्या आणि कडकन हात ओढणाऱ्यांच्या वाऱ्याला उभी राहू नकोस. दुखणं फार असेल तर वेदनाशामक मलम आधी, गोळी डॉक्टरांना विचारून. तुझ्या पित्ताला आणि सासूबाईंच्या ब्लडप्रेशरला त्या गोळ्या सोसत नाहीत, त्यामुळे घरातल्या डब्यातली उचलून घ्यायची नाही. ऑपरेशनचं नाव सध्या काढूच नकोस. दहांपैकी आठ-नऊ जणांचं वर्ष-दीड वर्षात चाकूशिवाय बरं होतं. सहा महिने नेमानं सगळं करूनही फरक पडला नाही तरच तो विषय.

सचिननं ऑपरेशन केलं, मे 2005 मध्ये, लंडनला. त्याचं काम बॅटीचं, आणि सगळा देश दारात उभा. मी बाटलीवर राहिले. 25 ऑक्टोबरला तो नागपूरला श्रीलंकेविरुद्ध परत उतरला तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती, आणि मी टीव्हीसमोर बसून चकल्या घालत होते. त्या वर्षी फक्त आठ किलो घेतल्या होत्या, दाबाच्या सोऱ्यानं, आणि पिळायला शेजारची मुलगी बसवली होती. तो 93 वर बाद झाला. काका हळहळले, शतक हुकलं म्हणून. मी म्हटलं, अहो, हात चालला ना, मग झालं.

तू म्हणालीस पंधरा किलोची ऑर्डर घेतलीय. सहा कर. बाकीच्यांना आजच फोन करून सांग, त्या रागावणार नाहीत, आणि रागावल्या तर पुढच्या वर्षी येतील. उरलेली भाजणी मी इथून भाजून, दळून पाठवते, तेवढं माझ्या हाताला झेपतं. पिळायला मात्र जावईबापूंना बसव.